वडिलांचं घर, तीन भावंडं आणि "सोडून दे, ख्रिस्ती आहेस ना"

मोहननगरची_लेक

जय ख्रिस्त. इथे बरेच दिवस नुसती वाचत होते. आज लिहितेय, कारण घरातला प्रश्न आता घरात सुटेनासा झालाय, आणि त्यात विश्वासाचा भाग असल्यामुळे ऑफिसात किंवा शेजारी कोणाशी बोलताही येत नाही.

बाबा मागच्या पावसाळ्यात प्रभूकडे गेले. मृत्युपत्र केलेलं नव्हतं. नागपुरात मोहननगरला आमचं जुनं कवेलूचं घर आहे. पुढे अंगण, मागे न्हाणी आणि संडास, दोघांनाही जायचं तर परसातून. बाबांनी रेल्वेच्या पगारातून एकेक खोली वाढवत नेलेलं. आईची सत्तरी उलटली, ती तिथेच असते. आम्ही तिघं. दादा पुण्याला, मी मानकापूरला, धाकटा आणि वहिनी आईजवळ.

जागेला आता भाव आलाय आणि बिल्डरची माणसं येऊन जातात. धाकट्याचं म्हणणं, आईबाबांचं सगळं मी केलं, तुम्ही दोघं हक्कसोडपत्रावर सही करा. दादाचं म्हणणं, विकून मोकळे होऊ, पैसे वाटून घेऊ, आई चार-चार महिने सगळ्यांकडे राहील. मला वाटतं, आई आहे तोवर घराला हात लावू नये आणि पुढे ज्याचं त्याला मिळावं.

झालं काय, की मी हे बोलले आणि सगळीकडून एकच ऐकू यायला लागलं. महिला मंडळातल्या बाया म्हणतात, स्वर्गात संपत्ती साठव. कॉटेज प्रेयरला, म्हणजे घरी भरणाऱ्या प्रार्थनासभेत, एका वडीलधाऱ्यांनी तर माझं नाव न घेता सगळ्यांसमोर लोभावर प्रार्थना केली. मी मान खाली घालून बसले होते. मला बंगला नकोय. मुलीचं शिक्षण चालू आहे, यांची नोकरी खासगी, तरी मी कधी भावाकडे हात पसरला नाही. पण धाकटा आता उपासनेला येतो तेव्हा पलीकडच्या बाकावर बसतो, आणि प्रभुभोजनाच्या रविवारी मला तो प्याला घेणं जड जातं.

मला दोनच गोष्टी विचारायच्या आहेत. वाटा मागणं म्हणजे लोभ का? आणि न मागता सही करून दिली, तर नातं खरंच राहतं का?

सदर_कट्टा

ताई, मनापासून सांगतो, सोडून द्या. मत्तय 6:19 पासून पुढे शांतपणे वाचा. कसर आणि जंग लागणाऱ्या गोष्टीसाठी सख्खा भाऊ गमावू नका. आमच्या ओळखीत एका कुटुंबाचा खटला इतका लांबला की दावा लावणारे दोघंही जरीपटक्याच्या कबरस्थानात आहेत आणि तारखा आता नातवंडं घेतायत. 1 करिंथ 6 मध्ये पौल काय म्हणतो? भाऊ भावावर फिर्याद करतो, त्यापेक्षा अन्याय सोसा. याहून स्पष्ट काय पाहिजे?

जॉनकाका

पोरी, घाबरू नको बाप्पा. मी बी याच्यातून गेलो हाये. आमी चार भाऊ, दोन बहिणी. बहिणीयनं सही करून देल्ली, कोनी काही बोललं नाई, मोठा प्रेमाचा कारभार दिसला. मंग काय झालं सांगू? बहिणी नाताळाले येनं कमी झाल्या. पहिले पोरांच्या परीक्षा सांगत, मंग तब्येत सांगत. भांडन नाई, काई नाई, पन घरात पाय नाई. मोठीनं जातानी मले जवळ बसवून म्हटलं, का मले पैसे नोयते पायजे रे, कोनी मले विचाराले पायजे होतं. म्हनून सांगून रायलो, चूप राहून नातं वाचत नाई.

मोहननगरची_लेक

काका, तुमच्या बहिणीचं वाक्य वाचून थांबले. मला हेच सांगता येत नव्हतं.

सिव्हिल_लाइन्स_वकील

आधी कायदा काय म्हणतो ते सांगतो, कारण ते माहीत नसताना केलेला त्याग हा त्याग नसतो.

आपल्याला भारतीय उत्तराधिकार अधिनियम, 1925 लागू होतो. मृत्युपत्र नसेल आणि मागे पत्नी व मुलं असतील, तर कलम 33 प्रमाणे पत्नीला एक तृतीयांश आणि उरलेले दोन तृतीयांश मुलांना. मुलगा-मुलगी भेद नाही, लग्न झालेली मुलगीसुद्धा बरोबरीची. म्हणजे तुमच्या घराचे नऊ भाग धरले, तर आईचे तीन आणि तुम्हा तिघांचे दोन-दोन. आई या घरात कोणाच्या मेहेरबानीवर राहत नाही, सगळ्यांत मोठा वाटा तिचाच आहे. ही गोष्ट आपल्या समाजात पुष्कळांना माहीतच नसते. वाटण्या करताना भाऊ-भाऊ हिशेब करतात आणि आईला "कोणाकडे राहशील" एवढंच विचारतात.

दुसरं, आखीव पत्रिका, म्हणजे नगर भूमापनाचा मिळकतीचा उतारा, काढून बघा. जमीन मालकीची आहे की नझूलची, म्हणजे सरकारी, भाडेपट्टा असेल तर त्याचं नूतनीकरण झालंय का, हे आधी कळू द्या. तिसरं, वारसांची नावं चढवणं वेगळं आणि हक्कसोडपत्र वेगळं. "नुसती नाव लावायची सही आहे" असं सांगून पुढे केलेला कागद पूर्ण वाचल्याशिवाय सही करू नका. नोंदवलेलं हक्कसोडपत्र मन बदललं म्हणून मागे घेता येत नाही.

कोर्ट हा शेवटचा रस्ता. चौघांचं एकमत झालं तर कौटुंबिक व्यवस्थेचा लेख करून दुय्यम निबंधकाकडे नोंदवता येतो. त्यात आईचा हयातभर राहण्याचा हक्क स्पष्ट लिहा.

पाटीलपुरा_शिक्षिका

मी निवृत्त शिक्षिका, बरीच वर्षं संडे स्कूल घेतलं. जरा लांबलचक लिहिणार आहे, कारण शास्त्रातली वचनं अर्धी सांगून एखाद्याला गप्प बसवलं जातं, तेव्हा मला राहवत नाही.

लूक 12 मधला मूर्ख धनवान सगळ्यांना पाठ आहे. कोठारं पाडून मोठी बांधणारा. पण तो दाखला सुरू कशावरून झाला ते फार कमी वेळा सांगतात. गर्दीतला एक माणूस येशूला म्हणतो, गुरुजी, माझ्या भावाला सांगा, त्यानं मला वतनाचा वाटा द्यावा. म्हणजे मोहननगरचाच प्रश्न! प्रभू न्यायाधीश व्हायला नकार देतो आणि मग सर्व प्रकारच्या लोभापासून जपा म्हणतो. कोणाला म्हणतो? तेराव्या वचनात तो एकटा माणूस आहे, पंधराव्यात तो "त्यांना" म्हणतो. सगळ्यांना. ज्यानं वाटा अडवून धरलाय त्यालाही तो शब्द लागू आहे. आपल्याकडे मात्र हे वचन मागणाऱ्याच्याच डोक्यावर आपटलं जातं, आणि त्यातही ती बाई असेल तर जास्तच.

आता गणना 27 उघडा. सलाफहादाच्या पाच मुली दर्शनमंडपाच्या दाराशी, मोशे, याजक आणि सगळ्या मंडळीसमोर उभ्या राहून वडिलांचं वतन मागतात. मोशे त्यांना "मुलींनो, स्वर्गात साठवा" असं सांगत नाही. तो त्यांचं म्हणणं परमेश्वरापुढे नेतो, आणि परमेश्वर म्हणतो, त्या बोलतात ते ठीक आहे. पाचही जणींची नावं लिहून ठेवली आहेत. महला, नोआ, होग्ला, मिल्का, तिरसा. मी वर्गात मुलींना ही नावं पाठ करायला लावायचे.

म्हणून मोहननगरची_लेक, वाटा मागणं हा लोभ नाही. लोभ आहे की नाही ते पुढे कळतं, हातात काहीतरी आल्यावर. प्रेषितांची कृत्ये 5 मध्ये हनन्या शेत विकून पैसे मागे ठेवतो, तेव्हा पेत्र त्याला काय म्हणतो बघा. विकण्यापूर्वी ते तुझंच होतं ना, विकल्यावरही पैसे तुझ्याच स्वाधीन होते ना? पहिल्या मंडळीतले लोक सगळं एकमेकांत वाटून घेत होते, पण कोणी कोणाच्या हातून ओढून घेतलेलं नव्हतं. जे आधी आपलं म्हणून मान्य झालंय, तेच देता येतं. तुमच्या हाती दोन भाग मान्य होऊ द्या. मग त्यातला एक वहिनीच्या नावानं सोडावासा वाटला तर आनंदानं सोडा, ते दान होईल. आत्ता जी सही मागतायत तिला दान म्हणता येत नाही.

सदर_कट्टा यांच्या 1 करिंथ 6 बद्दलही. पौलाचं दुःख भाऊ भावाला बाहेरच्यांसमोर खेचतो याचं आहे. त्याच परिच्छेदात तो विचारतो, भावाभावांचा निवाडा करू शकेल असा एकही शहाणा तुमच्यात नाही का? आणि आठव्या वचनात अन्याय करणाऱ्या भावालाही तो झाडतो. ते आठवं वचन आपण वाचतच नाही. खरं म्हणजे हा प्रश्न मंडळीतल्या दोन-तीन शहाण्या माणसांनी दोन्ही बाजू ऐकून सोडवायला हवा. नाव न घेता लोभावर प्रार्थना करून तो सुटत नाही.

लॉनवाला_नवरा

विषयाला थोडं सोडून, पण राहवत नाही. माझं लग्न मोठ्या लॉनवर झालं, जेवणाचे काउंटर, बँड, ड्रोन सगळं. हप्ते अजून चालू आहेत आणि त्या हप्त्यांपायी बहिणीच्या बाळंतपणात हातभार लावता आला नाही. घरच्यांना लोक काय म्हणतील याची काळजी होती. ते लोक जेवून गेले. घराच्या वाटणीइतकंच या खर्चावरही आपल्या मंडळीत कोणीतरी बोललं पाहिजे.

रात्रपाळी_सून

कोणी रागावू नका, पण धाकट्या वहिनीची बाजू इथे कोणीच मांडली नाही.

मी अशीच धाकटी सून आहे. सासरे पडून होते तेव्हा त्यांचं अंग पुसणं, रात्री दोन-दोन तासांनी कूस बदलणं, पाठीला जखम होऊ नये म्हणून पावडर, पातळ पेज चमच्यानं भरवणं, आणि ते चिडले की ऐकून घेणं. नणंद रविवारी संत्रा बर्फी घेऊन यायची, वडिलांचा हात धरून रडायची, आणि गल्लीभर तिच्या प्रेमाचं कौतुक. माझा तिच्यावर राग नाही, ती खरंच रडायची. पण वाटणीच्या वेळी सगळे "कायद्यानं समान" म्हणाले, तेव्हा मला वाटलं की माझी ती वर्षं कोणत्या खात्यात जमा झाली?

कायद्यात सुनेच्या सेवेचा रकाना नाही. पण विश्वासाच्या घरात तरी तो असावा की नाही? पैसे द्या असं म्हणत नाहीये. निदान बसलेल्या चौघांपैकी एकानं तोंडानं म्हणावं, की हिनं केलं. आणि तिलाही त्या बैठकीत बसू द्यावं, चहा आणायला नाही.

मोहननगरची_लेक

ताई, तुमचं वाचून यांना मोठ्यानं वाचून दाखवलं. बाबांच्या शेवटच्या दिवसांत नळी वहिनीच बदलायची, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. धाकटा "मी केलं" म्हणतो, पण केलं तिनं. हे मी त्याच्यासमोर बोलणार आहे.

एक गोष्ट सांगते. बाबांचं मोठं बायबल आहे, त्याच्या सुरुवातीच्या कोऱ्या पानांवर त्यांनी आमचे जन्म, बाप्तिस्मे, लग्नं, सगळं शाईच्या पेनानं लिहून ठेवलंय. वहिनीचं नाव लग्नाच्या तारखेसमोर "आमची मुलगी" असं लिहिलंय. सून असं नाही लिहिलं. घराच्या भांडणात ते बायबल कोणाकडे जाणार हा विषय अजून कोणी काढलेला नाही, आणि मला त्या घराच्या किमतीपेक्षा त्याचीच भीती जास्त वाटते.

सदर_कट्टा

शिक्षिका बाई, गणना 27 बद्दल तुमचं मान्य. आठवं वचनही पुन्हा वाचलं. तरी माझी भीती जात नाही. एकदा नऊ भागांचा हिशेब कागदावर आला, की माणसं चौरस फूट मोजायला लागतात. 1 तीमथ्य 6 मध्ये पौल द्रव्याच्या लोभाला सगळ्या प्रकारच्या वाइटाचं मूळ म्हणतो, त्याचं टोक आपल्यापैकी कोणालाही टोचू शकतं, हक्क खरा असला तरी.

पाटीलपुरा_शिक्षिका

तुमची भीती खरी आहे, आणि मी ती उडवून लावणार नाही. म्हणूनच उत्पत्ति 13 महत्त्वाचा. अब्राम आणि लोट यांच्या गुराख्यांचं भांडण झालं. अब्राम काका, मोठा, वचन त्याला मिळालेलं. तरी तो पुतण्याला म्हणतो, आपण भाऊबंद आहोत, भांडण नको, तू डावीकडे गेलास तर मी उजवीकडे जाईन. आधी निवडायचा मान धाकट्याला. लोटानं यार्देनेचा हिरवागार प्रदेश निवडला, आणि अब्राम नाराज झाल्याचं कुठेही नाही. पुढच्याच अध्यायात लोट पकडला गेला तेव्हा हाच काका माणसं घेऊन त्याला सोडवायला धावला. जमीन वेगळी झाली तरी धावून जाणं शिल्लक राहिलं. तेही दोघांनी समोरासमोर उभं राहून, देश डोळ्यांनी बघून वाटलं म्हणून. न बोलता नव्हे.

फातिमा_चाळ

आम्ही कॅथलिक, पण प्रश्न सगळ्यांचा सारखाच. मला कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांची आठवण आली. ख्रिस्ती होण्याआधी ते नागपुरात अप्पासाहेब बुटींकडे संस्कृत ग्रंथांच्या कामाला होते. 1895 मध्ये बाप्तिस्मा, आणि 1917 मध्ये मिशनची पगाराची नोकरी सोडून "देवाचा दरबार" सुरू केला. हातात आलेलं देऊन टाकणारा माणूस. आपण त्यांचे अभंग गातो आणि तो त्याग डोक्यावर घेतो, घ्यायलाच हवा. पण त्या देऊन टाकण्यानंतर घरात काय शिजवायचं हा प्रश्न त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंसमोर असायचा, आणि त्यांनी तो स्वतःच्या शब्दांत लिहून ठेवला म्हणून आपल्याला कळला. दुसऱ्या हजारो बायांनी लिहिलं नाही.

मार्क 7 मध्ये येशू याच गोष्टीवर चिडलाय. आईबापांना द्यायचं ते "देवाला अर्पण केलं" असं सांगून हात वर करणाऱ्यांवर. माझा साधा प्रश्न आहे, त्यागाची किंमत कोण मोजतंय ते आधी बघावं. आणि दुसरा प्रश्न, या सगळ्या धाग्यात आईला काय हवंय ते कोणी विचारलंय का?

जॉनकाका

हे खरं बोलली माय. माय जिती हाये आन आपन तिच्या घराचे तुकडे मोजून रायलो. वधस्तंभावर जीव चालला होता तरी प्रभूनं पहिले मायची सोय लावली. योहानाले म्हटलं, ही तुही माय. त्याच्यापाशी घर नोयतं, शेत नोयतं, अंगावरचा झगा बी शिपायायनं चिठ्ठ्या टाकून नेला. पन माय कोनापाशी राहीन हे त्यानं आपल्या तोंडानं सांगतलं.

सिव्हिल_लाइन्स_वकील

आईनं तिचा वाटा कोणाला बक्षीसपत्रानं द्यायचं ठरवलंच, तर त्यात "माझा सांभाळ करण्याच्या अटीवर" असं स्पष्ट लिहून घ्या. ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या 2007 च्या कायद्यात कलम 23 आहे. अट लिहिलेली असली आणि सांभाळ झाला नाही, तर न्यायाधिकरणाकडे ते हस्तांतरण रद्द करून मागता येतं. प्रेम आहे म्हणून अट नको, असं लोक म्हणतात. प्रेम असेल तर अट लिहायला अडचण काय?

मोहननगरची_लेक

रविवारी उपासनेनंतर घरी गेले होते. आधी मत्तय 5:23-24 डोक्यात फिरत होतं, अर्पण वेदीपुढे ठेव आणि पहिले भावाकडे जा. म्हणून गेटजवळच धाकट्याला हाक मारली. तो थांबला. दादाला व्हिडिओ कॉलवर घेतलं, वहिनीला खुर्चीवर बसवलं, शेगडी बंद करायला लावली.

मी आधी वहिनीबद्दल बोलले. सगळ्यांसमोर, नळी बदलण्यापासून. ती काही बोलली नाही, पदरानं चष्मा पुसत राहिली. धाकटा म्हणाला, हे तू आधी का नाही बोललीस, मला वाटलं तुम्हाला दोघांना फक्त भाव दिसतोय. मग आईला नऊ भागांचं सांगितलं. तिला दोनदा सांगावं लागलं. कळलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे माझेच तीन? मग आधी मी बोलते."

तिला घर विकायचं नाही. पुण्याला आणि मानकापूरला पाहुणी म्हणून यायचंय, राहायला नाही. आणि तिला संडास घरात हवाय, बस. पावसात रात्री परसातून जाताना ती दोनदा घसरली होती आणि कोणालाच बोलली नव्हती. दादा तिकडे फोनवर गप्प झाला, मग म्हणाला, त्याचा खर्च मी देतो, वाटणीत धरू नका. बिल्डरला धाकट्यानं त्याच संध्याकाळी नाही कळवलं. नऊ भाग कागदावर लिहायचे आणि आई आहे तोवर विकायचं नाही, इथपर्यंत चौघांचं ठरलं. पुढे वहिनीसाठी मी माझ्या वाट्यातून काय करायचं ते माझं मी बघेन, तिला अजून सांगितलेलं नाही.

सगळं गोड झालंय असं नाही. दादाच्या मनात पैसे अडकल्याची रुखरुख आहे आणि ती त्यानं बोलून दाखवली. पण बोलून दाखवली. बायबलचंही विचारलं. आई म्हणाली, ते घरातच राहील, ज्याला वाचायचं त्यानं इथे यावं.

वकीलसाहेब, एक विचारायचं होतं. तो लेख मराठीत करता येतो का? आईला स्वतः वाचून सही करायची आहे.

सिव्हिल_लाइन्स_वकील

येतो, आणि मराठीतच करा. अक्षर मोठं टाइप करून घ्या. मसुदा आईकडे आठवडाभर ठेवा, खुणा करू द्या. सहीच्या दिवशी त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांचा, त्या पूर्ण शुद्धीत व समजून सही करत आहेत असा दाखला जोडा. साक्षीदार घरातले घेऊ नका, मंडळीतले दोघं चालतील. मुद्रांक शुल्क किती लागेल ते मसुदा झाल्यावर निबंधक कार्यालयात विचारून घ्या, लेखातल्या शब्दांप्रमाणे ते बदलतं. आणि आखीव पत्रिकेची ताजी नक्कल आधी काढा, बाकी सगळं त्यानंतर.